लष्करी रिव्हॉल्व्हरवरचे शिक्के वाचायला शिका: नव्या संग्राहकांसाठी

जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर विकायला आलं की त्याच्याबरोबर एक गोष्टही येते. हे पहिल्या महायुद्धात खंदकात होतं, हे एका वैमानिकाचं होतं, हे शत्रूच्या अधिकाऱ्याच्या कमरेवरून काढून घेतलेलं. गोष्ट ऐकायला हरकत नाही, पण पैसे गोष्टीचे मोजू नका. सरकारी हत्याराची सोय अशी की ते ज्याच्या ज्याच्या हातातून गेलं त्याने आपला ठसा त्यावर उमटवलेला असतो. कारखाना, सरकारी तपासनीस, पलटण, दुरुस्तीचं आगार आणि शेवटी ते बाजारात काढणारा. हे शिक्के कोणत्या क्रमाने पडले ते लावता आलं की हत्यार कोणतं, कधीचं आणि किती अस्सल, याचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

हा लेख दोन महायुद्धांत सैन्याने वापरलेल्या रिव्हॉल्व्हरपुरता आहे. पिस्तुलांचा विषय वेगळा आणि फार मोठा.

हातात घेण्याआधी

परवान्याचा प्रश्न सगळ्यात आधी. शंभर वर्षांचं, गंजलेलं, काडतूसही न मिळणारं रिव्हॉल्व्हर बहुतेक देशांत कायद्याच्या नजरेत हत्यारच असतं. सवलती आहेत, पण त्यांची मोजपट्टी देशागणिक बदलते. अमेरिकेचा संघीय कायदा १८९८ अखेरपर्यंत बनलेल्या हत्याराला पुरातन मानतो. ब्रिटनमध्ये त्याचं काडतूस कालबाह्य ठरलेल्यांच्या यादीत आहे का, हे पाहिलं जातं. एकाच नमुन्याचं रिव्हॉल्व्हर त्यामुळे एका देशात दिवाणखान्यात लावता येतं आणि दुसऱ्या देशात तुरुंगाची हवा दाखवतं. आपल्या देशाचा आजचा नियम लेखी स्वरूपात मिळवा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. निकामी केलेलं हत्यार घेणार असाल तर त्याच्या दाखल्यावरचा क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक एकच आहे ना, तेवढं पाहा. ‘आधी घेऊ, कागद नंतर करू’ हे या छंदात चालत नाही.

मग ते रिकामं आहे की नाही. देणारा ‘रिकामं आहे’ म्हणाला तरी स्वतः उघडून पाहायचं, नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून लांब ठेवून. वेब्ली, एनफिल्ड आणि जपानी टाइप २६ मधून मोडतात, म्हणजे नळी खाली झुकते आणि सिलिंडरची पाठ उघडी पडते. स्मिथ अँड वेसनचा डाव्या बाजूचा खटका पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा. दोन्हींचा सिलिंडर डावीकडे बाहेर येतो. फ्रेंच १८९२ नमुन्याचा उजवीकडे येतो. रशियन नागां आणि ऑस्ट्रियन रास्ट अँड गासर यांना उजव्या बाजूला एक छोटं झाकण असतं. ते उघडून सिलिंडर फिरवत एकेक घर, म्हणजे काडतूस बसायचं छिद्र, तपासावं लागतं. नागांला सात घरं असतात, रास्ट अँड गासरला आठ. सहा मोजून थांबू नका. शिवाय नागांच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या आत पूर्ण बुडालेली असते, त्यामुळे समोरून डोकावून काही कळत नाही. मागूनच पाहायचं.

पहिली पायरी: घराणं ठरवा

रिव्हॉल्व्हर कसं उघडतं यावरूनच अर्धी ओळख पटते. मधून मोडणारं, डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायचा खटका असलेलं आणि अंगाने भरभक्कम दिसलं तर ते बहुधा वेब्ली. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचा मार्क १ नमुना १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्यात आला आणि पुढे सुधारत सुधारत १९१५ मध्ये मार्क ६ वर पोचला. मार्क ६ ओळखायला सोपा: ६ इंची नळी, .४५५ चं काडतूस, आणि खाली रुंद होत जाणारी चौकोनी मूठ. त्याच्या आधीच्या नमुन्यांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते. पहिल्या महायुद्धात मार्क ६ सुमारे ३ लाख बनले. युद्धानंतर १९२१ ते १९२६ या काळात ते एनफिल्डच्या सरकारी कारखान्यानेही बनवले, आणि संग्राहक त्यांच्या मागे जरा जास्तच असतात.

तशाच घाटाचं पण लहान, .३८ चं रिव्हॉल्व्हर दिसलं की नवखे अडखळतात. ते वेब्लीचं मार्क ४ असू शकतं किंवा एनफिल्ड नं. २. ब्रिटिश सरकारने वेब्लीच्या आराखड्याचा आधार घेऊन एनफिल्डच्या कारखान्यात स्वतःचं रिव्हॉल्व्हर बनवलं आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात आणलं. वेब्लीने भरपाई मागितली. शेवटी हातात पडले १,२५० पौंड. पण दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर एनफिल्डचं उत्पादन पुरेना, तेव्हा सरकार पुन्हा वेब्लीच्याच दारात गेलं. म्हणून दोन्ही एकाच सैन्यात, एकाच काडतुसावर आढळतात. एनफिल्डच्या फ्रेमला आतली यंत्रणा उघडता येईल अशी बाजूची झाकणपट्टी असते आणि उजव्या बाजूला कारखान्याचं नाव, ‘नं. २’, मार्क आणि साल असा ठसा. युद्धकाळातल्या वेब्लीवर ‘वॉर फिनिश’ असे शब्द दिसतात. कारखानदाराने एक प्रकारे हात झटकलेत: एरवीसारखी सफाई या मालावर नाही, दोष आम्हाला देऊ नका.

सिलिंडर बाहेर येणाऱ्यांत अमेरिकन माल सगळ्यात जास्त सापडतो. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा .४५ ची स्वयंचलित पिस्तुलं पुरत नव्हती. म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांकडून तेच .४५ एसीपी काडतूस वापरणारी रिव्हॉल्व्हरं घेतली गेली, प्रत्येकी सुमारे दीड लाख. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नसते, म्हणून ती तीन-तीनच्या अर्धचंद्राकृती पत्र्यात अडकवून भरावी लागतात. मुठीच्या बुडावर ‘यू. एस. आर्मी मॉडेल १९१७’, नळीखाली ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’, नळी ५.५ इंची. सुरुवातीच्या कोल्टच्या सिलिंडरची घरं आरपार सरळ आहेत, आत काडतूस अडायला पायरीच नाही; स्मिथ अँड वेसनला ती आहे. ब्राझीलने १९३७ मध्ये स्मिथ अँड वेसनकडून याच नमुन्याची २५,००० रिव्हॉल्व्हरं घेतली. झाकणपट्टीवर ब्राझीलचं राजचिन्ह दिसलं तर गोंधळू नका, आणि विकणारा ते पहिल्या महायुद्धातलं म्हणून खपवत असेल तर मान डोलावू नका.

दुसऱ्या महायुद्धातलं स्मिथ अँड वेसनचं .३८ म्हणजे ‘व्हिक्टरी मॉडेल’. क्रमांकाच्या आधी ‘व्ही’, मुठीखाली दोरी अडकवायची कडी, गुळगुळीत अक्रोडी मूठ आणि चमक नसलेला राखाडी-काळा मुलामा. ४ इंची नळी आणि .३८ स्पेशल काडतूस असेल तर ते अमेरिकेच्या स्वतःच्या वापरासाठी, त्यातही नौदलासाठी जास्त. ५ इंची नळी आणि ब्रिटिश .३८/२०० काडतूस असेल तर ते ब्रिटन आणि राष्ट्रकुलाच्या सैन्यांसाठी. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळ्यात मोठी फसवणूक उभी आहे.

नागां १८९५ एकदा पाहिलं की विसरत नाही. सात घरं, आणि घोडा मागे घेतला की सिलिंडर पुढे सरकून नळीला चिकटतो. बेल्जियममधल्या लिएजच्या लेओन नागांचा हा आराखडा रशियाच्या तुला कारखान्यात १८९८ पासून बनू लागला. दुसऱ्या महायुद्धात इझेव्हस्कनेही बनवला. ताऱ्यात बाण म्हणजे तुला, त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्हस्क.

बाकीची थोडक्यात. जपानी टाइप २६ मधून मोडतं, घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नाही, काडतूस ९ मिमीचं. फ्रेंच १८९२ वर सेंट एतिएनच्या कारखान्याचं नाव आणि बनावटीचं साल नळीवरच असतं. इटालियन बोदेओ १८८९ च्या सैनिकी प्रकाराला चापाचं कडंच नसतं, चाप घडी होऊन वर जातो. रास्ट अँड गासरवर व्हिएन्नाचा ‘डब्ल्यू’ आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला वेब्ली पुरेनात तेव्हा स्पेनच्या गाराते-अनितुआ आणि त्रोकाओला-अरांझाबाल यांच्याकडून .४५५ ची रिव्हॉल्व्हरं घेतली होती. स्पॅनिश ठसे आणि ब्रिटिश बाण एकत्र दिसले म्हणून ते बनावट ठरत नाही.

दुसरी पायरी: क्रमांक जुळवा, पण कुठला कशाशी

‘सगळे नंबर मॅचिंग’ ही जाहिरातीतली लाडकी ओळ. कुठले नंबर, हे मात्र फार थोडे विक्रेते सांगतात.

स्मिथ अँड वेसनचा खरा क्रमांक मुठीच्या बुडावर असतो. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर असायला हवा. उजव्या लाकडी मुठीच्या आतही तो लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. सिलिंडर बाहेर काढल्यावर बिजागरीच्या खाचेत दिसणारा आकडा जोडणीचा आहे, क्रमांकाशी त्याचा संबंध नाही. तो जुळत नाही म्हणून चांगला नग परत करणारे लोक आहेत, आणि तोच आकडा खरा क्रमांक समजून परवान्यावर लिहून घेणारेही. कोल्ट १९१७ मध्ये नेमकं उलटं: बिजागरीच्या खाचेतला आकडा कारखान्याचा क्रमांक आणि मुठीच्या बुडावरचा सैन्याचा. दोन्ही वेगळेच असणार, आणि तेच बरोबर.

व्हिक्टरीचा क्रमांक स्वतःच दिनदर्शिका आहे. जुनी मालिका १० लाखांवर पोचली तेव्हा, १९४२ च्या एप्रिलमध्ये, ‘व्ही’ लावून मोजणी पुन्हा सुरू झाली. १९४४ अखेरीस अमेरिकन नौदलात एक रिव्हॉल्व्हर खाली पडून गोळी सुटली आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर घोड्याला अडवणारा नवा सुरक्षा भाग बसवला गेला आणि क्रमांकाआधी ‘एसव्ही’ येऊ लागलं. साध्या ‘व्ही’चं रिव्हॉल्व्हर भरून बाळगण्याची कल्पनाही करू नका.

नागांमध्ये जुळणाऱ्या क्रमांकांवर फार हुरळू नये. सोव्हिएत आगारांनी युद्धानंतर ही हजारोंनी सोडवली, घासली, सुटे भाग मिसळून पुन्हा जोडली आणि मग फ्रेमचा क्रमांक बाकीच्या भागांवर टाकला. अशा आकड्यांची धाटणी वेगळी असते. काही तर विजेच्या लेखणीने खरवडलेले असतात. तिरपी रेघ मारलेला छोटा चौकोन दिसला तर तो आगारदुरुस्तीचा शिक्का. असं रिव्हॉल्व्हर खोटं नव्हे. पण ते १९३० च्या दशकातल्या अवस्थेत राहिलेलं नाही, आणि न राहिलेल्या अवस्थेची किंमत देण्याचं कारण नाही.

तिसरी पायरी: शिक्क्यांचा क्रम लावा

इथे वेळ घ्या. भिंग हवं, आणि तिरपा प्रकाश. समोरून उजेड टाकला तर पुसट ठसे दिसतच नाहीत.

ब्रिटिश सरकारी मालकीचं चिन्ह म्हणजे रुंद बाण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ते सेवेतून काढून विकलं. बाणाच्या दोन्ही बाजूंना ‘डी’ म्हणजे ऑस्ट्रेलिया, ‘सी’च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा, ‘यू’मध्ये बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका, ‘एन’ आणि ‘झेड’च्या मधे बाण म्हणजे न्यूझीलंड. अमेरिकन बाजूला पेटता बॉम्बगोळा हे शस्त्रास्त्र खात्याचं चिन्ह, ‘जी. एच. डी.’ ही गाय ड्रूरी या तपासणी अधिकाऱ्याची आद्याक्षरं. १९१७ च्या रिव्हॉल्व्हरवर गरुडाचं डोकं आणि ‘एस’ला जोडलेला आकडा तपासनिसांचा.

ब्रिटनमध्ये खासगी विक्रीआधी हत्यार लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून जावं लागे. मुकुटाखाली ‘बीएनपी’, काडतुसाचं माप, ‘साडेतीन टन प्रति चौरस इंच’ असे ठसे तिथले. परदेशी हत्यारांवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असंही ठोकत. .३८ च्या व्हिक्टरीवर हे सगळं दिसलं तर ते युद्धानंतर ब्रिटनमध्ये विकलं गेलं एवढाच अर्थ.

आता हे एकत्र वाचून पाहू. समजा स्मिथ अँड वेसनचं ५ इंची .३८/२०० समोर आहे, क्रमांकाला ‘व्ही’ नाही, ब्रिटिश बाण आहे, पण ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ कुठेच नाही. शिक्का घासून काढला असेल का? तसं नसावं. मित्रदेशांना अमेरिकन सरकारच्या मालकीची शस्त्रं वापरायला देणारा उधार-उसनवारीचा अमेरिकन कायदा मार्च १९४१ मध्ये झाला. त्याआधी ब्रिटन रोख पैसे मोजून ही रिव्हॉल्व्हरं घेत होतं आणि ती अमेरिकन सरकारची मालमत्ता कधीच नव्हती. शिक्का नाही हेच इथे बरोबर आहे. उलट ‘व्ही’ क्रमांकाच्या ५ इंचीवर अमेरिकन मालकीचा ठसा नसेल आणि वरच्या पट्टीवर घासल्याची सपाटी दिसत असेल, तर चौकशी करा.

दुसरं उदाहरण एनफिल्डचं. १९३८ मध्ये नमुना बदलला: घोड्याची शेपटी काढली, घोडा आधी अंगठ्याने ओढून मग हलक्या चापाने झाडायची (एकेरी ओढीची) सोय गेली, आणि ‘मार्क १’पुढे तारा लागला. रणगाड्याच्या आत शेपटी अडकते हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. मग १९३४ सालाचं रिव्हॉल्व्हर ताऱ्यासकट कसं? तर आधीची असंख्य रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली तेव्हा त्यांचा घोडा बदलून तारा मागाहून ठोकला गेला. नीट पाहिलं तर तारा बाकीच्या अक्षरांच्या ओळीत नसतो, जरा वर-खाली किंवा वेगळ्या खोलीचा असतो. म्हणजे आधी साल, मग तारा, असा क्रम जुळतो. याच कारणामुळे शेपटी शाबूत असलेला मूळ मार्क १ दुर्मिळ आहे. आणि १९३४ साल, शेपटीवाला घोडा, पण अक्षरांपुढे तारा, असं दिसलं तर कुणीतरी नंतर घोडा बदलून त्याला ‘मूळ’ केलंय. १९४२ चा दोन ताऱ्यांचा प्रकारही आहे. त्यात उत्पादन लवकर व्हावं म्हणून घोड्याचा सुरक्षा अडसर वगळला होता. पुढे बहुतेकांना तो परत बसवला गेला.

ठसा मुलाम्याच्या आधी पडला की नंतर, ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. कारखान्यातला ठसा मुलामा चढण्याआधी पडतो, म्हणून अक्षरांच्या तळाशीही तोच रंग असतो आणि कडा सपाट असतात. पलटणीचा किंवा विक्रीचा ठसा नंतर, मुलामा फोडून पडतो आणि कडेला धातूचा बारीक उंचवटा राहतो. आता तर्क चालवा. चाचणीगृहाचा ठसा मुलाम्याच्या खाली दबलेला दिसला तर मुलामा विक्रीनंतरचा आहे, कितीही ‘मूळ’ म्हणून सांगितला तरी. कारखान्याच्या नावाचा ठसा मुलामा फोडून आलेला दिसला तर मात्र हत्यार खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी जा.

चौथी पायरी: मुलामा आणि मूठ

पुन्हा पॉलिश केलेल्या हत्याराच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या छिद्राभोवती बशीसारखा खळगा पडतो, ठशांचा अर्धा भाग पुसट होतो. चकचकीत निकेल दिसलं तर ते सेवेनंतरचं समजा. व्हिक्टरी असो की मार्क ६, सैन्याला आरसे नको होते. अनेक एनफिल्डवर जाड काळा रंग दिसतो. तो मात्र सरकारी दुरुस्तीतला असू शकतो, ब्रिटिश आगारं सन्कोराइट नावाचा रंग वापरत. तो खरवडून खालचा ‘खरा’ मुलामा काढण्याच्या भरीला पडू नका.

मुठी सहज बदलता येतात म्हणून त्यांच्यावर फार भार टाकू नये. एनफिल्डला आधी लाकडी, मग अंगठ्याची खाच असलेल्या बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकच्या. वेब्ली मार्क ६ ला चौकटी पाडलेल्या कडक रबराच्या. तडा गेलेली मूळ मूठ नव्या चकचकीत मुठीपेक्षा बरी, हे माझं मत. सगळ्यांना पटत नाही.

पाचवी पायरी: घरं तपासा, जिवाचा प्रश्न आहे

मघाचं ५ इंची .३८/२०० इथे परत येतं. युद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं ढिगाने विकायला आली, पण खरेदीदारांना .३८ स्पेशल हवं होतं. मग व्यापाऱ्यांनी सिलिंडरची घरं आतून लांब कोरली, नळी ४ इंचांवर कापली, माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) नवी बसवली आणि .३८ स्पेशल म्हणून विकली. अडचण अशी की ब्रिटिश पुंगळी आखूड आणि जाड, .३८ स्पेशल लांब आणि बारीक. कोरलेल्या घरात स्पेशलची पुंगळी सैल बसते, झाडली की फुगते किंवा फाटते. दाबही मूळ हिशोबापेक्षा जास्त. ओळखायचं कसं? .३८ स्पेशलची रिकामी पुंगळी मूळ घरात पूर्ण आत जात नाही. पूर्ण गेली तर घर कोरलेलं आहे. नळीची लांबी, माशीच्या बुडाची सांधणी आणि नळीवरचा अर्धवट तुटलेला मजकूर हे बाकीचे साक्षीदार.

वेब्ली मार्क ६ चंही तेच. .४५५ काडतूस मिळेना म्हणून सिलिंडरची पाठ तासून .४५ एसीपी पत्र्यासकट बसेल अशी केली. तासलेल्या सिलिंडरच्या आणि त्याच्या मागच्या फ्रेमच्या भिंतीच्या मधे डोळ्यांना दिसेल इतकी फट राहते. .४५ एसीपीचा दाब मार्क ६ साठी बराच जास्त आहे. सिलिंडर फुटल्याची उदाहरणं आहेत. संग्रहासाठी असं रिव्हॉल्व्हर कमी पैशात घ्यायला हरकत नाही, पण बदल केलेलं म्हणूनच नोंदवा.

यंत्रणेबद्दल एवढंच: दोष आणि स्वभाव यांत फरक करा. टाइप २६ चा सिलिंडर एरवी मोकळा फिरतो, ते त्याच्या रचनेतच आहे. नागांचा चाप भयंकर जड, कारण तो सिलिंडरही पुढे ढकलतो. पण घोडा पूर्ण ओढल्यावर स्मिथ अँड वेसनचा किंवा वेब्लीचा सिलिंडर डगमगला तर ती झीज आहे.

बनावट कुठे जास्त

जिथे साधा प्रकार मुबलक आणि त्याचाच एखादा उपप्रकार दुर्मिळ, तिथे. पोलंडच्या राडोम कारखान्यात १९३० च्या दशकात थोडी नागां बनली. रशियन नागांचे ठसे घासून त्यावर राडोमची अक्षरं कोरण्याचा उद्योग चालतो. ऑस्ट्रेलियात हॉवर्ड कंपनीने एनफिल्ड नं. २ काहीशेच बनवले, त्यामुळे ‘एचएसी’ ठशाचं रिव्हॉल्व्हर जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. ग्लासगोच्या अल्बिअन मोटर्सचा एनफिल्ड मात्र सुमारे २४,००० च्या संख्येत बनला आणि बहुतेक वेळा खरा असतो. मार्क ६ ला लावायची प्रिचर्ड संगीन हा वेगळाच किस्सा. ती कधी सरकारी नव्हती, अधिकारी स्वखर्चाने घेत. ग्रीनरने फ्रेंच ग्रा संगिनीची पाती कापून थोड्या बनवल्या. आज विकायला येणाऱ्यांत नव्या नकला फार जास्त.

सुरुवात कशाने करावी

दुर्मिळ वस्तूने नको. ब्रिटिश .३८ हा गट मी सुचवेन: एनफिल्ड नं. २, वेब्ली मार्क ४ आणि ५ इंची स्मिथ अँड वेसन. एकच काडतूस, तीन कारखाने, आणि युद्धाच्या टंचाईत सैन्याने काय काय चालवून घेतलं ते तिन्हींवर दिसतं. पहिली खरेदी थोडी झिजलेली पण न छेडलेली असावी. चमचमीत नगापेक्षा अशावर शिक्के वाचायला जास्त शिकता येतं. होल्स्टर आणि दोऱ्या नंतर. त्यात नकली माल हत्यारांपेक्षाही जास्त आहे.

घरी आणल्यावर

स्वच्छता म्हणजे मऊ कापड आणि पातळ तेल. पितळ चमकवायची पूड, तारेचा ब्रश, सँडपेपर यांना हात लावायचा नाही. गंजाचा लाल भाग तेलात भिजवून हळूहळू निघतो. खालचा तपकिरी थर राहू द्या. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं ओल धरून धातू खातात. दोन्ही शेजारी ठेवा, एकात एक नको. कपाटात सिलिका जेलची पुडी, आणि हाताळताना सुती हातमोजे. स्क्रू उघडायची हौस असेल तर खाचेत घट्ट बसणारा बंदुकीसाठीचा पेचकस आधी घ्या; खरचटलेला स्क्रू पाहिला की जाणकार खरेदीदार लगेच किंमत पाडतो.

प्रत्येक ठशाचा फोटो तिरप्या प्रकाशात काढा आणि वहीत ठसा कुठे आहे, मुलाम्याच्या आधीचा की नंतरचा, असं लिहून ठेवा. विकणाऱ्याची गोष्टही लिहा, पण वेगळ्या पानावर, त्याच्या नावाने. कोल्टच्या अभिलेखागारातून आणि स्मिथ अँड वेसनच्या ऐतिहासिक प्रतिष्ठानाकडून शुल्क भरून कारखान्याचं पत्र मागवता येतं. त्यात हत्यार कोणत्या तारखेला आणि कुठे पाठवलं गेलं ते असतं, आणि लष्करी मालाच्या बाबतीत ते ठिकाण बहुधा एखादं सरकारी आगारच निघतं. ज्या सैनिकाच्या हाती ते नंतर गेलं त्याचं नाव त्या पत्रात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.